घसरगुंडीखालची बिळं

वाचकांचे प्रश्न : बाग, मैदान, मोकळी जागा

गेल्या अंकात मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या गवताळ माळाबद्दल लिहिताना सशांचा नुसता ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा सशांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मूळची फलटणजवळची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि गेली सतरा वर्षं मेलबर्न परिसरातल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेच्या, बागखात्यात काम करते. मुलांच्या खेळायच्या जागा आणि मैदानं हे माझं रोजचं काम आहे.

*

ताई, आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला नव्या वसाहतीत राहतो. घरासमोर छान बाग आहे, पण घसरगुंडीच्या पायथ्याशी सशांची बिळंच बिळं. गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा पाय त्यात गेला आणि घोटा मुरगळला. वाळूच्या हौदात लेंड्या असतात. तीनदा तक्रार केली. दर वेळी माणूस येतो, बीळ मातीने बुजवतो, चार दिवसांत ते पुन्हा उघडतं. आता पाटी लागली आहे की विष घालणार. वाचून पोटात गोळा आला. ससे पकडून लांब जंगलात नेऊन सोडता येत नाहीत का? आमचा कुत्राही तिथेच फिरतो. — एक आई, मेलबर्न

मुलीचा पाय आता बरा आहे ना? तुमच्या पत्रातला राग मला कळतो, आणि तो रास्त आहे. पण बीळ बुजवायला येणाऱ्या माणसावर तो काढू नका. त्याला तेवढंच काम लिहून दिलेलं असतं. नोकरीतली पहिली तीन वर्षं मीही हेच केलं. फावडं घ्यायचं, माती ढकलायची, पायाने दाबायची आणि कागदावर ‘काम झालं’ लिहायचं.

मग एका सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, एका बागेत घसरगुंडीखालच्या, झाडाच्या सालपटांच्या थरात मुठीएवढा ताज्या मातीचा बूच दिसला. आजूबाजूला एक लेंडी नाही, येण्याजाण्याची वाट नाही. हाताने माती काढली. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना ऊब लागली. आत सुकं गवत, गवतावर करडी मऊ लव, आईने स्वतःच्या पोटाची उपटून अंथरलेली, आणि त्या लवेत पाच पिल्लं. अंगठ्याएवढी, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, कान डोक्याला चिकटलेले. सशीण दिवसातून बहुधा एकदाच येते, रात्रीची. काही मिनिटं पाजते आणि जाताना भोक पुन्हा मातीने लिंपून टाकते. म्हणजे बुजलेलं दिसणारं बीळ रिकामं असेलच असं नाही. आणि उघडं बीळ आपण बुजवलं, तर आतला ससा दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो. त्या दिवसापासून मी आत काय आहे ते बघितल्याशिवाय एकही बीळ बुजवलेलं नाही.

आपल्या लोकांना या बिळांचं नवल वाटतं, त्यालाही कारण आहे. आपल्याकडचा रानातला ससा बीळ करतच नाही. लहानपणी हरभरा काढताना वडिलांनी मला एकदा सरीच्या कडेला दोन पिल्लं दाखवली होती. उघड्यावर बसलेली, अंगभर केस, डोळे टक्क उघडे. वडिलांनी तेवढा तुकडा तसाच उभा ठेवला आणि दोन दिवसांनी काढला. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण हे दोन निराळे प्राणी आहेत. इथला ससा युरोपातून आणलेला, जमिनीखाली घर करणारा आणि गोतावळ्याने राहणारा.

आता तो नेमका घसरगुंडीखालीच का येतो? तुमच्या भागात फावडं मारून बघा. पश्चिमेकडचा हा माळ काळ्या दगडाचा आहे, ज्वालामुखीचाच. आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बराचसा पन्नास लाख वर्षांच्या आतला. पण वरची चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखीच, पावसात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात भेगाळून विटेसारखी कडक. पूर्वी इथे ससे जुन्या दगडी गडग्यांत आणि बॉक्सथॉर्नच्या काटेरी जाळ्यांत राहायचे. वसाहत झाली, गडगे पाडले, जाळ्या काढल्या, आणि त्याच जमिनीवर आपण काय आणून ठेवलं? वाळूचा हौद. झोपाळ्याखाली मूल पडलं तर लागू नये म्हणून सुमारे ३०० मिलिमीटर सालपटांचा भुसभुशीत थर. कडेने लोमॅन्ड्रा या गवतासारख्या झाडाचे दाट झुबके, ज्यात ससा दिवसभर दडून बसू शकतो. आणि भर उन्हाळ्यात पाणी दिलेली हिरवी हिरवळ. आसपासच्या चार किलोमीटरांत उकरायला मऊ अशी ही एकच जागा, आणि ती आम्हीच तयार केलेली. ससे मुलांच्या जागेत घुसलेत असं लोक म्हणतात, पण नकाशा काढताना आम्ही जमिनीचा विचार केला नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे.

पकडून सोडण्याबद्दल. व्हिक्टोरिया राज्यात ससा कायद्याने उपद्रवी प्राणी ठरवलेला आहे. १९९४ चा जमीन आणि पाणलोट संरक्षणाचा कायदा आहे, त्याप्रमाणे ज्याच्या ताब्यात जमीन त्याच्यावर ससे आटोक्यात ठेवायची जबाबदारी येते. शेतकरी असो की कौन्सिल. पकडलेला रानससा दुसरीकडे नेऊन सोडणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सोडणार कुठे? तुम्ही ज्याला जंगल म्हणता, तिथे ससा सोडणं म्हणजे तिथली रोपं संपवणं. हेक्टरी एखादा ससा असला तरी कितीतरी देशी झाडांची नवी रोपं वर येत नाहीत. तो कोंब जमिनीलगत कापून खातो.

हे सगळं तुमच्या घरापासून फार लांब सुरूही झालेलं नाही. जिलाँग शहराच्या पुढे विंचेल्सी नावाचं गाव आहे. तिथल्या बार्वन पार्क या जहागिरीवर थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ च्या नाताळात इंग्लंडहून २४ ससे मागवले, शिकारीच्या हौसेपायी. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांची प्रजा खंडाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कुंपण घालायला घेतलं आणि १९०७ मध्ये ते पुरं केलं, पण तोवर ससे पलीकडे पोचले होते. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाचा विषाणू मुद्दाम सोडला. आधी ससे पटापट मेले, नंतर उरलेल्यांच्या पिढ्या त्याला पचवू लागल्या. मग कॅलिसिव्हायरस हा सशांचा दुसरा विषाणू आला. १९९५ मध्ये वार्डांग बेटावर त्याची चाचणी चालली असतानाच तो मुख्य भूमीवर निसटला. हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत, तेव्हा त्याची काळजी सोडा. संततिनियमनाचं म्हणाल तर त्यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं, पण मोकळ्या रानात वापरता येईल असं काही हाती लागलं नाही. सशिणीचे गाभणपणाचे दिवस साधारण तीस. एका वेताला चार-पाच पिल्लं, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. पाणी आणि हिरवा चारा असेल तर वर्षाला पाच वेतं सहज होतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी कौन्सिलच्या बैठकीतही मांडते. मारायचेच असतील तर एकदा, पूर्ण आणि योग्य वेळी. दरवर्षी थोडेथोडे मारणं हे सर्वांत क्रूर. अर्धे मारले की उरलेल्या अर्ध्यांना चारा दुप्पट मिळतो, सहा महिन्यांत आकडा तिथेच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच जीव घ्यावे लागतात. ‘आम्ही काहीतरी केलं’ एवढं दाखवण्यासाठी घातलेलं विष मला सहन होत नाही.

योग्य वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च, इथला उन्हाळा सरताना. तेव्हा चारा कमी असतो, ससे कमी असतात आणि नवी वीण सुरू व्हायची असते. तुमच्याकडची पाटी कधीची आहे ते बघा. वसंतात, पिल्लं बिळात असताना विष घालणार असतील, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आया मेल्या की बुजलेल्या बिळातली पिल्लं उपाशी मरतात, ती कोणाला दिसतही नाहीत.

वस्तीत बहुतेक पिंडोन नावाचं विष वापरतात, गाजराच्या तुकड्यांवर किंवा ओटवर लावून. आधी काही दिवस बिनविषारी गाजर ठेवतात, ससे खायला लागले की विषाचं ठेवतात. एका खाण्यात काम होत नाही, काही दिवस लागतात. या विषाने रक्त गोठत नाही आणि ससा आतल्या रक्तस्रावाने मरतो. ते मरण सुखाचं नसतं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. कुत्र्याला त्या काळात पट्ट्याशिवाय सोडू नका, आणि मेलेला ससा तोंडात धरू देऊ नका, कारण सशाच्या अंगात विष उरलेलं असतं. कुत्र्याने काही खाल्लं अशी नुसती शंका आली तरी लगेच पशुवैद्याकडे न्या आणि ‘पिंडोन’ हे नाव सांगा. व्हिटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा आहे, वेळेत दिला तर लागू पडतो.

मुलांच्या जागेच्या अगदी लगत मात्र मी स्वतः विष घालत नाही. तिथे फेरेट आणि जाळी घेऊन येणारा माणूस बोलावते. फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा पाळीव प्राणी, तो बिळात शिरला की ससे बाहेर पळतात, तोंडावर लावलेल्या जाळीत अडकतात आणि जाणता माणूस तिथल्या तिथे एका झटक्यात जीव घेतो. वेळ लागतो, पैसे जास्त पडतात. पण मुलांच्या वाळूशेजारी विषारी गाजर राहत नाही. मोठं वॉरन, म्हणजे बिळांचं गावच, लांब मोकळ्या जागेत असेल तर ते यंत्राने खोल नांगरून टाकायचं. तुमच्या बागेत खालून पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा गेलेल्या असणार, तिथे नांगर चालायचा नाही.

आणि हे सगळं झाल्यावर जमीन बदलली नाही तर पैसे पाण्यात. कौन्सिलला लिहाल तेव्हा ‘ससे काढा’ एवढंच लिहू नका. सालपटांच्या थराच्या बाहेरच्या कडेने जमिनीत जाळी पुरायला सांगा. चाळीस मिलिमीटरहून मोठी भोकं नकोत, आणि खालची कड वीतभर बाहेरच्या बाजूला वाकवलेली हवी. ससा कुंपणाच्या अगदी पायाशी उकरतो, दोन पावलं मागे जाऊन उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. मुलं पडतात त्या भागात जाळी नको, उकरताना हाताला तार लागते. वाळूच्या हौदावर रात्री झाकण हवं. खेळण्यांलगतचे दाट झुबके काढून तिथे बुंधा मोकळा दिसेल अशी झाडं लावायला सांगा. लाकडी फळ्यांचा कट्टा असेल तर त्याच्या चारी बाजू बंद करायला सांगा, कारण ससे खाली आरामात राहतात आणि वरून कोणाला पत्ताही लागत नाही. आणि बीळ बुजवण्याआधी आत बघा, हे त्यात ठळक लिहा. बिळात कधीकधी निळ्या जिभेचा सरडाही निवाऱ्याला बसलेला असतो. तो इथला आहे, त्याचं संरक्षण करायचं आहे.

फोटो काढताना शेजारी पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे बिळाचा आकार कळतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत ज्यांच्यासोबत असा फोटो असतो, त्या आधी हाताळल्या जातात.

लेंड्यांचं फार मनावर घेऊ नका. घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढं पुरे.

*

आमचा क्रिकेट क्लब आहे, बहुतेक सगळी आपली मंडळी. सीमारेषेजवळ बिळं झाली आहेत. शनिवारी सामन्याच्या आधी आम्हीच माती घालून बुजवली तर चालेल का? — क्लबचे सचिव, मेलबर्न

नको, दादा. वरवर बुजवलेलं बीळ उघड्या बिळापेक्षा धोक्याचं, कारण ते दिसत नाही. झेल घ्यायला मागे धावणाऱ्याचा पाय नेमका त्यावरच पडतो. सकाळी दोघांनी मैदानाची पूर्ण फेरी मारा, प्रत्येक बिळापाशी खुणेचा प्लॅस्टिकचा कोन ठेवा, आणि सीमारेषा तेवढी आत ओढून घ्या. पंच आणि समोरचा संघ याला कधी नाही म्हणत नाहीत. मग त्याच दिवशी कळवा. दुखापत झाल्यावर कळवलेल्या तक्रारीपेक्षा आधी कळवलेली तक्रार क्लबच्याही कामाची असते.

*

मी सांगलीहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. रोज संध्याकाळी बागेत सशांना गाजर आणि पोळीचे तुकडे घालतो. ते आता मला ओळखतात, अगदी पायापर्यंत येतात. परवा एका बाईंनी मला फार कडक शब्दांत सुनावलं. मुक्या जिवाला घास घालणं हा इथे गुन्हा आहे का? — एक आजोबा

काका, त्या बाईंनी आवाज चढवायला नको होता. परक्या देशात, घरची सगळी कामावर गेलेली असताना, संध्याकाळी कोणीतरी आपली वाट बघतं, याची किंमत मला माहीत आहे. माझे वडील इथे आले होते तेव्हा बागेतल्या मॅगपाय पक्ष्यांशी बोलायचे.

पण घास बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या हातून गाजर खायला शिकलेला ससा पुढे विष लावलेलं गाजरही बिनधास्त खातो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. पोळीने त्याचं पोट बिघडतं, त्याचं आतडं गवतासाठी केलेलं आहे. आणि दर संध्याकाळी अन्न मिळतंय म्हटल्यावर त्या जागेभोवती बिळं वाढतात, तिथेच मुलं धावतात.

तुम्हाला हाताने काहीतरी करायचं असेल तर एक सुचवते. इथे जवळजवळ प्रत्येक ओढ्याकाठी स्थानिक लोकांचा एक गट असतो, तो महिन्यातून एकदा देशी रोपं लावतो. वयाची अट नसते, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, मध्ये चहा असतो. रोपाभोवती सशापासून वाचवायला जाळीची किंवा पुठ्ठ्याची नळी उभी करावी लागते, ते काम बसून करता येतं. आमच्याकडे बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ येतात, ते नळ्या अशा ठोकतात की वाऱ्याने एकही पडत नाही. मुलाला कौन्सिलमध्ये फोन करायला सांगा.

*

लेकीसाठी पाळलेला ससा आहे, दोन वर्षांचा. आम्ही आता ब्रिस्बेनला चाललो आहोत आणि तिथे ससा ठेवता येत नाही असं कळलं. खरं आहे का? आणि खरं असेल तर त्याला इथल्या बागेत त्याच्या भाऊबंदांत सोडणं बरं, नाही का? — मेलबर्न

खरं आहे. क्वीन्सलंडमध्ये पाळीव ससा ठेवायला बंदी आहे, दंडही जबर आहे. जादूचे प्रयोग करणारे, प्राण्यांचं प्रदर्शन करणारे आणि प्रयोगशाळा यांनाच परवाना मिळतो.

बागेत मात्र सोडू नका. ते त्याचे भाऊबंद नाहीत. त्याला लपायचं कळत नाही, रानातले ससे त्याला बिळात घेत नाहीत, आणि पहिल्या-दुसऱ्या रात्री कोल्हा किंवा कुत्रा गाठतो. जगलाच तर पिल्लं होतात, आणि मग वर लिहिलेलं सगळं पुन्हा. कॅनडात व्हिक्टोरिया शहरातल्या विद्यापीठात असेच सोडून दिलेले पाळीव ससे होते. २०१० च्या सुमारास त्यांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली, खेळाची मैदानं बिळांनी पोखरली, आणि अखेर शेकडो ससे पकडून, खच्चीकरण करून आश्रयस्थानी हलवावे लागले. तिथे काही मारलेही, त्यावरून कोर्टकचेरी झाली. हेलसिंकीतही शहरभर पसरलेले ससे मुळात कोणीतरी सोडलेले पाळीवच. हौसेने आणलेल्या एकेका सशाची ती गोष्ट होती.

तुमच्या हातात वेळ आहे ना? मग सशांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला आजच कळवा, जागा मिळायला आठवडे लागतात. तोवर कॅलिसिव्हायरसची लस दिलेली आहे का ते पशुवैद्याला विचारा, आणि खुराड्याला डासांची जाळी लावा. मिक्सोमॅटोसिस डास आणि पिसवांमुळे पसरतो, आणि त्यावरची लस ऑस्ट्रेलियात वापरायला परवानगी नाही. लेकीला नव्या घरी भेटायला नेऊन आणा. ती रडेल. तरी तिच्या डोळ्यांसमोर तो सुखरूप दुसऱ्याच्या हाती गेलेला तिला दिसू द्या.

*

आमच्या सोसायटीच्या बागेत कोणीतरी पांढऱ्या सशांची जोडी आणून सोडली. मुलांना फार आनंद झाला. आता अकरा झालेत. बाग उकरून ठेवली आहे, दोन घारीने नेले. वनखात्याला बोलवायचं का? — पुणे

वनखात्याकडे आपला रानातला ससा येतो. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला धरणं, पाळणं, मारणं काहीच चालत नाही. तुमचे पांढरे ससे पाळीव आहेत, युरोपी सशाचेच वंशज. त्यांची जबाबदारी पाळणाऱ्याची. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा सोडणारा सापडला तर सोसायटीने त्याला हे लेखी कळवावं.

आज संध्याकाळच्या आत करायचं काम एकच आहे. नर आणि माद्या वेगळ्या करा. ओळखू येत नसतील तर पशुवैद्याला दाखवा, तीन-चार महिन्यांची पिल्लंही विणीला येतात. मग नरांचं खच्चीकरण करून घ्या, पण लहान प्राण्यांची सवय असलेला डॉक्टरच गाठा. सशाला भूल देणं नाजूक काम असतं. सावलीत, वरून जाळी असलेलं खुराडं करा. पुण्याचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. खायला हिरवं आणि सुकं गवत, पोळी-भात नाही. आणि मग एकेक करून चांगली घरं शोधा. अकराचे तीस व्हायला दिवाळी लागणार नाही.

*

मी तिसरीत आहे. मी मराठी शाळेत जाते. आईने तुमचं मागच्या वेळचं मला वाचून दाखवलं. तुम्ही सशाच्या पिल्लांना मारता का? ती पाच पिल्लं तुम्ही मला सांगितली होती शाळेत आल्यावर, त्यांचं काय झालं? — मेलबर्न

बाळ, तू त्या दिवशी पुढच्या रांगेत बसली होतीस आणि शेवटी हा प्रश्न विचारायला हात वर केला होतास. घंटा झाली म्हणून राहिलं. आता सांगते.

आम्ही ती पिल्लं आमच्या पशुवैद्यांकडे नेली. त्यांनी एकेकाला इंजेक्शन दिलं. मी शेवटपर्यंत थांबले, ती लव तशीच त्यांच्या अंगाखाली राहू दिली. हो, ती मेली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ससा वाईट नसतो. त्याला कोणीतरी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी चुकीच्या जागी आणलं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण तो इथे राहिला की इथली दुसरी काही जिवंत मंडळी राहत नाहीत, आणि त्यांना पळून जायला पायच नाहीत.

त्यातलं एक तू बघू शकतेस. त्याचं नाव मर्नाँग. इथल्या मूळच्या लोकांचं हे कंदमूळ. बायका काठीने उकरून काढायच्या, टोपल्या भरून आणायच्या, भाजून खायच्या. पूर्वी या माळावर ते भरपूर होतं. मेंढ्या आल्या, गुरं आली, मग ससे आले आणि त्यांनी ते जवळजवळ संपवलं. आम्ही त्याच बागेत, घसरगुंडीच्या मागच्या बाजूला, जाळीच्या आत चाळीस रोपं लावली आहेत. यंदा त्यातली एकतीस जगली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन जा, ऊन असेल अशा सकाळी. कळी आधी मान खाली घालून असते, मग सरळ होते आणि पिवळं फूल उघडतं. जाळीतून हात घालू नकोस, तार टोचेल. किती फुलं मोजलीस ते मला लिहून पाठव.